सावित्र्युपाख्यान आणि होल्स्टची संगीतिका

काव्यास स्वर देतांना संगीतकार काय गाळतो, यावरूनच त्यानें तें काव्य कसें वाचलें हें कळतें. गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४) या इंग्रज संगीतकाराची ‘सावित्री’ ही एकांकी संगीतिका या कसोटीस लावून पाहण्याजोगी आहे.

होल्स्टचा संस्कृताशीं संबंध केवळ हौसेचा नव्हता. उपलब्ध इंग्रजी भाषांतरांनीं समाधान न झाल्यामुळें त्यानें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्या भाषेचे पाठ घेतले व ऋग्वेदांतील सूक्तांचीं इंग्रजी रूपें स्वतः सिद्ध केलीं. त्यांतील नऊ १९०७–०८ मध्यें पियानोच्या साथीवर गावयाचीं गीतें झालीं. उषा, वरुण व मरुत् यांच्या पंक्तीस मंडूकसूक्तही आहे. लगोलग रचलेली ‘सावित्री’ लंडनमध्यें ५ डिसेंबर १९१६ रोजीं प्रथम रंगभूमीवर आली. गाणारीं पात्रें तीन, वादक बारा, आड राहून नुसता स्वर धरणारा स्त्रीवृंद, आणि अवधि सुमारें अर्धा तास.

वनपर्वांत नारद सत्यवानाचा मृत्यु वर्षभर आधीं सांगतो. येथें नारद नाहीं, अश्वपति नाहीं, द्युमत्सेनही नाहीं. याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती वरांविषयीं. मूळांत सावित्री यमाच्या मागोमाग चालत धर्माची व सत्संगाची थोरवी सांगते, आणि प्रत्येक भाषणावर प्रसन्न होऊन यम एकेक वर देतो. सासऱ्याची दृष्टि, त्याचें राज्य, पित्यास शंभर पुत्र, मग स्वतःस शंभर पुत्र. हा शेवटचा वर पतीवांचून फळणार कसा, असें ती दाखवितांच यम स्ववचनानें बांधला जातो. होल्स्टनें हा शेवटचा तर्क तेवढा ठेवला: मृत्यु तिला परिपूर्ण जीवन देतो, आणि सत्यवानावांचून तें जीवन नव्हे, असें ती म्हणते. पायऱ्या गेल्या, शिखर राहिलें. त्यामुळें यमाचा धर्मराजपणा लोपून तो केवळ फसलेला दाता दिसतो. वटसावित्रीच्या व्रतामुळें आपणही सावित्रीची निष्ठा स्मरतों व तिची विद्वत्ता विसरतों. तेव्हां दोष एकट्या होल्स्टचा नव्हे.

दुसरा आक्षेप मायेविषयीं. मृत्यूही मायाच, हा संगीतिकेचा निष्कर्ष उपाख्यानांत नाहीं. तो उत्तरकालीन वेदांताचा रंग आहे.

तथापि आरंभीं वाद्यें मुकीं असतां मृत्यूचा दूरचा स्वर उमटतो व सावित्रीचा स्वर निराळ्याच षड्जावर त्यास येऊन भिडतो, तेथें मूळांतील संवादाचें सत्त्व शब्दांवांचून उतरलें आहे. भाष्यकार म्हणून होल्स्ट चुकला. परंतु मृत्यूबरोबर पाऊल टाकणाऱ्या सावित्रीचें धैर्य त्यानें अचूक ओळखलें, असेंच आम्हांस म्हणावें लागतें.