दोन आत्मचरित्रे आणि पक्षबदल

राजकारणी पुरुष आत्मचरित्र लिहावयास बसला म्हणजे बालपण, दारिद्र्य आणि चळवळीचे दिवस ही प्रकरणे बहुधा चांगली उतरतात. लेखणी अडखळते ती पुढे, पक्ष मोडल्याची हकीकत सांगताना. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ व शरद पवारांचे ‘लोक माझे सांगाती’ ही दोन पुस्तके नुकतीच शेजारी ठेवून पुन्हा वाचली, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले. दोघेही एके काळचे आमदार.

‘कृष्णाकाठ’ 1984 साली प्रसिद्ध झाले. देवराष्ट्र्याचे दिवस, विठाईंची मूर्ती, 1942 मधील भूमिगत वास्तव्य, हे सारे त्यात विलक्षण निर्मळपणे आले आहे. परंतु निवेदन 1946 पाशी, लेखक सत्तेच्या उंबरठ्यावर येतो तेथेच, थांबते. ‘सागरतीर’ व ‘यमुनाकाठ’ हे योजिलेले भाग लिहावयाचे राहूनच गेले. काँग्रेसची 1969 मधील दुफळी ज्याने आतून पाहिली, त्याची साक्ष मराठी वाचकास ह्या ग्रंथमालेतून मिळालीच नाही.

पवारांचे पुस्तक (2015, सुधारित आवृत्ती 2023) ह्या बाबतीत अधिक धीट होय. वसंतदादांचे मंत्रिमंडळ पडून जुलै 1978 मध्ये पुलोदचे सरकार आले, तो प्रसंग ते टाळीत नाहीत. तथापि तेथे परिस्थितीचा रेटा आणि सहकाऱ्यांची अस्वस्थता पुढे येते. 2022 साली उद्धव ठाकरे ह्यांनी राजीनामा दिला तो मात्र संघर्षावाचून, असा सरळ निवाडा. आपल्यासाठी एक तागडी व दुसऱ्यासाठी दुसरी, असे मला वाटले. पक्षपात म्हणा हवा तर. पण माहितीच्या दृष्टीने पुस्तक मोलाचे आहे, ह्यात शंका नाही.

आम्हां परभणीकरांस हा प्रश्न दूरचा नाही. लोकसभेसाठी ह्या मतदारसंघाने 1952 मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडले, 1957 मध्ये काँग्रेस, 1977 मध्ये पुन्हा शेकापचे शेषराव देशमुख, आणि 1991 मध्ये शिवसेना. मतदारही पक्ष बदलतो. पण तो केवळ आपलेच मत बदलतो. निवडून आलेला बदलतो तेव्हा हजारोंची मते बरोबर नेतो. 1985 च्या कायद्याने एकट्यादुकट्यास अडविले, जमावाने जाणारास वाट ठेवली.

आमचे एक चुलते 1977 साली शेषरावांसाठी सायकलीवरून गावोगाव हिंडले होते. आपला पक्ष कालच्या काँग्रेसजनांसह मंत्रिमंडळात बसला, हे त्यांस पुढल्या वर्षी वर्तमानपत्रातून कळले. अशा एखाद्या कार्यकर्त्याशी त्या दिवसांत झालेले बोलणे मी ‘लोक माझे सांगाती’मध्ये शोधीत होतो.