४.२ गुणांचा यजमान : फिफाचे मूल्यमापन अहवाल संशोधकाच्या नजरेने



संशोधन प्रस्ताव लिहिणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न मला हमखास येतो. "आम्ही निकष ठरवले, प्रत्येकाला भारांक दिला, गुण देऊन बेरीज केली. मग आमची निवड वस्तुनिष्ठ झाली ना?" अभ्यासाचं गाव निवडायचं असो, उपकरण निवडायचं असो नाहीतर विषय, तक्ता केला की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं.

मलाही तसंच वाटायचं. माझं काम विहिरींच्या पाण्यावर आहे. पहिल्या वर्षी मी दहाबारा घटकांचा मिळून एक जलगुणवत्ता निर्देशांक काढला. एका विहिरीला त्यात 'चांगले' असा शेरा मिळाला. नंतर कच्ची आकडेवारी बघितली, तर त्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या वर होतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. बाकीचे घटक उत्तम होते, म्हणून सरासरीत नायट्रेट झाकलं गेलं. बेरीज बरोबर होती, पण ते पाणी लहान बाळाला द्यायच्या लायकीचं नव्हतं.

हाच प्रकार फार मोठ्या पातळीवर कसा घडतो ते आज बघू. उदाहरण आहे फुटबॉलच्या विश्वचषकाचा यजमान देश निवडण्याचं. फिफाचे मूल्यमापन अहवाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत, आणि संशोधन पद्धती शिकायला ते मला एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा बरे वाटतात. ते चांगले आहेत म्हणून नव्हे, तर ते कुठे घसरतात हे स्पष्ट दिसतं म्हणून.

२०१० : अहवाल होता, वाचला कुणी?

२ डिसेंबर २०१० रोजी झुरिकमध्ये फिफाच्या कार्यकारी समितीने एकाच दिवशी दोन यजमान निवडले. २०१८ साठी रशिया आणि २०२२ साठी कतार. समितीत २४ सदस्य असायचे, पण मतं विकण्याच्या आरोपांवरून दोघांना आधीच निलंबित केलं होतं. त्यामुळे मतदान २२ जणांनी केलं.

त्याआधी चिलीचे हॅरोल्ड मेन-निकोल्स यांच्या नेतृत्वाखाली एका गटाने सगळ्या दावेदार देशांना भेटी देऊन अहवाल तयार केला होता. त्यात क्रमवारी नव्हती, फक्त प्रत्येक बाबतीत जोखीम कमी, मध्यम की जास्त एवढंच होतं. आयोजनाच्या दृष्टीने एकूण जोखीम 'जास्त' असा शेरा एकट्या कतारला मिळाला. जून-जुलैमधली उष्णता खेळाडू आणि प्रेक्षकांच्या आरोग्याला धोकादायक ठरू शकते, हेही त्यात लिहिलं होतं.

आता २०२२ च्या मतदानाचे आकडे बघा. पहिल्या फेरीत कतार ११, दक्षिण कोरिया ४, अमेरिका ३, जपान ३, ऑस्ट्रेलिया १. ऑस्ट्रेलिया बाद. दुसऱ्या फेरीत कतार १०, अमेरिका ५, दक्षिण कोरिया ५, जपान २. तिसऱ्या फेरीत कतार ११, अमेरिका ६, दक्षिण कोरिया ५. शेवटी कतार १४, अमेरिका ८.

जरा थांबून विचार करा. पहिल्या फेरीत कतारला ११ मतं होती आणि दुसऱ्या फेरीत १०. कतार स्पर्धेतच होता, तरी किमान एका सदस्याने आपलं मत तिथून काढून दुसरीकडे दिलं. दोन फेऱ्यांच्या मधल्या काही मिनिटांत नवा पुरावा तर आला नव्हता. म्हणजे निदान त्या एका सदस्यासाठी तरी निर्णय 'कोणता देश योग्य' यापेक्षा 'आत्ता मत कुठे टाकणं सोयीचं' यावर चालला होता. अहवाल एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे, मध्ये दोघांना जोडणारा नियमच नाही.

पुढे अहवाल खरा ठरला. मार्च २०१५ मध्ये स्पर्धा हिवाळ्यात हलवण्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि ती २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२२ या काळात झाली. जी जोखीम आधीच लिहून ठेवली होती, तिच्यासाठी जगभरच्या लीगना आपलं वेळापत्रक बदलावं लागलं.

इथे आणखी एक धडा आहे. या निवडीच्या चौकशीचा अहवाल मायकेल गार्सिया यांनी २०१४ मध्ये दिला. फिफाने तो न छापता नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश हान्स-योआखिम एकर्ट यांनी केलेला ४२ पानी सारांश प्रसिद्ध केला. हा सारांश अपुरा आणि चुकीचा आहे असं खुद्द गार्सियांनीच सांगितलं आणि डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. मूळ अहवाल बाहेर यायला जून २०१७ उजाडलं. शोधनिबंधाचा नुसता सारांश वाचून संदर्भसूचीत नाव घालणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी ही गोष्ट आहे.

जो रकाना नाही, त्याची माहिती नाही

२०१० च्या अहवालात स्टेडियम, हॉटेलं, वाहतूक, प्रक्षेपण हे सगळं होतं. ही स्टेडियमं कोण बांधणार, ते कुठे राहणार, त्यांना काही झालं तर नोंद कुठे होणार, याचा रकाना नव्हता.

परिणाम काय झाला? २०२१ च्या फेब्रुवारीत 'द गार्डियन'ने बातमी दिली की यजमानपद मिळाल्यापासून भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांतले ६,५०० हून जास्त स्थलांतरित कामगार कतारमध्ये मरण पावले. यात सर्व कारणांचे, सर्व व्यवसायांतले मृत्यू होते. समाजमाध्यमांवर मात्र तो आकडा 'स्टेडियम बांधताना गेलेले जीव' म्हणून फिरला. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्याच वर्षी सांगितलं की २०२० या एका वर्षात कामाशी संबंधित ५० मृत्यू झाले आणि ५०० हून थोडे जास्त कामगार गंभीर जखमी झाले. शिवाय मृत्यूंची कारणं नोंदवण्यात त्रुटी आहेत, हेही त्यांनी नमूद केलं.

दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बसतात. कालावधी वेगळा, लोकसंख्या वेगळी, मृत्यूचं कारण मोजायची पद्धत वेगळी. पण 'विश्वचषकामुळे किती माणसं गेली' याचं नेमकं उत्तर दोन्हींतून मिळत नाही, कारण सुरुवातीलाच ते मोजायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. तरुण मजूर मेला आणि कागदावर 'नैसर्गिक मृत्यू' एवढंच आलं, तर घरच्यांना भरपाईसाठी भांडायलाही आधार उरत नाही. रिकामा रकाना कागदावर निरुपद्रवी दिसतो, पण त्याची किंमत कुणीतरी मोजतंच.

२०१८ : आकड्याला अधिकार मिळाला

२०१५ च्या अटकसत्रानंतर फिफाने पद्धत बदलली. आता मतदान २२-२४ जणांच्या बंद खोलीत नाही, तर सगळ्या सदस्य संघटनांच्या महासभेत. त्याआधी ० ते ५ या पट्टीवर गुण. २०२६ साठी पायाभूत सुविधांना ७० टक्के भारांक होता (त्यात एकट्या स्टेडियमना ३५) आणि खर्च-उत्पन्नाला ३० टक्के. अमेरिका-कॅनडा-मेक्सिको यांच्या संयुक्त दाव्याला ४.० गुण मिळाले, मोरोक्कोला २.७. १३ जून २०१८ रोजी मॉस्कोत १३४ विरुद्ध ६५ मतांनी संयुक्त दावा जिंकला, आणि कुणी कुणाला मत दिलं तेही जाहीर झालं.

ही सुधारणा खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. निकष आधी सांगितले, भारांक आधी सांगितले, शिवाय मुख्य घटकांत ठरावीक किमान गुण नसतील तर दावाच बाद अशी अटही ठेवली. माझ्या विहिरीच्या निर्देशांकात असली अट असती तर नायट्रेट निसटलं नसतं.

तरीही दोन शंका उरतात. पहिली भारांकाची. समजा दोन काल्पनिक दावे आहेत. 'क' ला सुविधांत ४ आणि उत्पन्नात ३. 'ख' ला सुविधांत ३ आणि उत्पन्नात ५. भारांक ७०-३० धरला तर क ला ३.७ आणि ख ला ३.६ मिळतात, म्हणजे क जिंकला. भारांक ६०-४० केला तर क ला ३.६ आणि ख ला ३.८. ख जिंकला! एकाही देशात वीट हलली नाही, फक्त आपण टक्केवारी हलवली. म्हणून भारांक थोडे बदलून निकाल टिकतो का हे तपासायचं असतं. याला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. ४.० विरुद्ध २.७ इतकं अंतर असलं तर निकाल सहसा टिकेल. पण अंतर कमी असेल तेव्हा ही तपासणी टाळणं म्हणजे आपली आवड दशांश चिन्हामागे लपवणं.

दुसरी शंका बेरजेबाहेरची. मानवी हक्कांचा विचार आता अहवालात आला, पण जोखमीचा शेरा म्हणून. एकूण गुणांत त्याचा वाटा नाही. त्यामुळे त्या बाबतीत एखादा देश कितीही मागे असला तरी गुण कमी होत नाहीत.

२०३४ : स्पर्धकच नाही, तर गुण कशाचे?

३० नोव्हेंबर २०२४ च्या सुमारास सौदी अरेबियाच्या २०३४ च्या दाव्याचा अहवाल आला. ५०० पैकी ४१९.८ गुण, म्हणजे ५ पैकी जवळपास ४.२. तोवरचा सर्वांत जास्त. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या उभ्या, वापरात असलेल्या स्टेडियमवर आधारलेल्या दाव्याला जेवढे एकूण गुण मिळाले नव्हते, तेवढे बहुतांश कागदावर असलेल्या आराखड्याला मिळाले. त्यातलं निओममधलं एक स्टेडियम तर जमिनीपासून ३५० मीटर उंचीवर बांधायचं होतं. मानवी हक्कांची जोखीम 'मध्यम' ठरवली गेली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संघटनांनी त्यावर सडकून टीका केली.

पण माझी मुख्य तक्रार गुणांबद्दल नाहीच. ती त्याआधीच्या वर्षाबद्दल आहे. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी फिफाने जाहीर केलं की २०३० ची स्पर्धा मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल यांच्याकडे, आणि शताब्दीनिमित्त उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वे यांच्याकडे एकेक सामना. एका फटक्यात आफ्रिका, युरोप आणि दक्षिण अमेरिका हे तीन खंड 'होऊन गेले'. उत्तर अमेरिकेचं २०२६ मध्ये झालंच होतं. खंड आळीपाळीने घेण्याच्या तत्त्वाने २०३४ साठी उरले आशिया आणि ओशनिया. इच्छा कळवायची मुदत होती ३१ ऑक्टोबर, म्हणजे चार आठवड्यांहूनही कमी. ऑस्ट्रेलियाने माघार घेतली आणि सौदी अरेबिया एकटाच उरला. ११ डिसेंबर २०२४ रोजी ऑनलाइन महासभेत, २०३० आणि २०३४ दोन्हींचा निर्णय एकत्र, टाळ्या वाजवून झाला. कुणी काय मत दिलं याची २०१८ सारखी यादी नाही, कारण मोजायला मतंच नव्हती.

म्हणजे बघा, २०१० मध्ये अहवाल होता पण त्याला अधिकार नव्हता. २०२४ मध्ये अहवालाला गुण होते, पट्टी होती, दशांश होते. फक्त निवड त्या अहवालापर्यंत पोचायच्या आधीच झाली होती. तुलना करायला दुसरा दावाच नसेल तर ४.२ हा आकडा 'कोण चांगलं' हे सांगत नाही. तो फार तर 'चालेल' एवढंच सांगतो. 'चालेल' सांगायला दशांश लागत नाही. ते दशांश तुलना झाल्याचा भास देतात, आणि माझ्या मते या अहवालांचा सर्वांत मोठा दोष तोच आहे.

आपल्यासाठी काय?

तुमच्या प्रस्तावात असा तक्ता असेल तर सादर करण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. यादीत कोण कोण आहे, आणि कोण यादीत यायच्या आधीच गळलं? ते का गळलं हे लिहा.
२. भारांक कुठून आले? दहा टक्के इकडे-तिकडे केल्यावर निकाल टिकतो का?
३. कुठला घटक इतका महत्त्वाचा आहे की बाकीचे कितीही चांगले असले तरी त्याची भरपाई होऊ शकत नाही? त्याला सरासरीत घालू नका, किमान मर्यादा द्या.
४. कुठला रकाना मी ठेवलाच नाही, आणि त्याचा त्रास कुणाला होईल?

सल्लागार समितीसमोर चौथ्या प्रश्नाचं उत्तर देताना मी अडखळलो होतो. आता माझ्या प्रबंधात त्या विहिरीच्या निर्देशांकाशेजारी नायट्रेटचा वेगळा स्तंभ आहे, आणि मर्यादा ओलांडली असेल तर निर्देशांक छापलाच जात नाही. तक्ता पहिल्यापेक्षा ओबडधोबड दिसतो. पण ज्यांच्या घरी ते पाणी जातं, त्यांना तो दाखवायला मला संकोच वाटत नाही.

तुमच्या तक्त्यात कोणता रकाना राहिलाय, ते खाली जरूर लिहा.