एकलव्याचा अंगठा

आपल्या कवितेत एकलव्य इतका आलाय की तो दिसला की पुढची ओळ आधीच कळते. द्रोण, अंगठा, रक्त, मग घोषणा. मीही असल्या चार कविता पाडल्यात, म्हणून बोलतो.

एकलव्य घेतला हा दोष नव्हे. अंगठ्याचं प्रतीक झालं, की ज्याचा अंगठा तो माणूस दिसत नाही, हा दोष.

दोस्तांनो, अकोले तालुक्यात महादेव कोळी, ठाकरांच्या वाड्यांवर जा. राघोजी भांगरे इथला. कर्जाच्या कागदांवर जमिनी गिळणाऱ्या सावकारांविरुद्ध तो उठला. त्या बंडात सावकारांची नाकं कापली गेली. 2 मे 1848 ला इंग्रजांनी त्याला ठाण्याला फासावर दिलं. एकलव्यानं मागितल्याबरोबर अंगठा दिला. ह्यानं दिला नाही. तरी आपल्याला पहिलाच जवळचा वाटतो! का? रडायला सोपा पडतो म्हणून?

पुढं 1926 ला भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. दरी पाण्याखाली गेली, पाणी खाली प्रवरेच्या कालव्यांनी उसाला गेलं. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला, त्याचं कौतुक शाळेच्या पुस्तकात आहे. दरीतल्या माणसांचं नाही. 1986 ला वर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. आपल्या कवितेतलं जंगल मात्र अजून महाभारतातलंच.

सरकारला प्रतीक आपल्यापेक्षा बरं वापरता येतं. आदिवासी पोरांच्या निवासी शाळांना त्यानं एकलव्याचंच नाव दिलंय. अंगठा कापलेल्याचं नाव शाळेला! यावर एक तिरकी ओळसुद्धा आपल्याकडून आली नाही.

2006 चा वनहक्क कायदा वाचा. 13 डिसेंबर 2005 आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासीचा हक्क त्यात मान्य आहे. तरी ढिगानं दावे फेटाळले गेले. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं, दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढा म्हटलं. 28 तारखेला स्वतःच थांबवलं. त्या पंधरा दिवसांत वाड्यांवर काय झोप लागली असंल?

दया पवारांचं 'बलुतं' (1978) लोकांनी धरलं ते प्रतीकांसाठी नव्हे. तेही ह्याच तालुक्यातल्या धामणगावचे.

आणि एक. वनहक्काच्या नियमांत गावातल्या म्हाताऱ्याचं तोंडी सांगणं, लिहून घेतलं तर, पुरावा धरतात. तो म्हातारा आपल्या एकाही कवितेत बोललेला मला आठवत नाही.