झाकण पारदर्शक, यंत्र नव्हे : दोन जर्मन टर्नटेबलांविषयी

‘जुन्या यंत्रांचं सौंदर्य’ असा विषय सुचवला गेला तेव्हा मी म्हटलं, एवढा पसारा नको. मी जर्मन टर्नटेबलांपुरतं बोलतो, आणि त्यांतही दोनच घेतो. एक ब्राउन कंपनीचं एसके ४, १९५६ सालचं. दुसरं ड्युअलचं १२१९, साधारण १९७०च्या आसपासचं. आज लोक ही यंत्रं शोधून विकत घेतात, उघडतात, साफ करतात, पुन्हा जोडतात. हे वेड कशाचं, एवढाच प्रश्न आहे.

नेहमीची दोन उत्तरं आधी बाजूला ठेवू. पहिलं, आवाज गोड लागतो. लागत असेल. पण १२१९मध्ये मोटारीची गती एका रबरी चाकामार्फत तबकाच्या कडेला दिली जाते, आणि मोटारीची घरघरही थोडीफार त्याच वाटेने सुईपर्यंत पोचते. १९७० साली जपानच्या टेक्निक्सने एसपी १० आणलं, त्यात मोटार थेट तबकाखालीच बसवली आणि हे मधलं चाकच काढून टाकलं. तेव्हा केवळ आवाजासाठी कोणी जुनं ड्युअल दुरुस्त करत बसेल, हे मला पटत नाही. दुसरं उत्तर स्मरणरंजनाचं. पण ही यंत्रं उघडून बसणाऱ्यांत अशी तरुण मंडळी आहेत, ज्यांच्या घरात कधी तबकडी आलीच नव्हती. ज्याची आठवणच नाही त्याचं स्मरणरंजन कसलं?

आता एसके ४ बघा. रेडिओ आणि टर्नटेबल एकाच पेटीत. दीटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. त्याआधीचे रेडिओग्राम म्हणजे दिवाणखान्यातली कपाटंच, सोनेरी पट्ट्या लावलेली. या दोघांनी ते सगळं सोलून काढलं. पांढरा पत्रा, दोन बाजूंना लाकडी फळ्या, वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं झाकण. झाकण आधी पत्र्याचं करायचं होतं, पण ते आवाजाबरोबर थरथरायला लागलं, म्हणून अ‍ॅक्रिलिक आलं. जर्मन लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘हिमगौरीची शवपेटी’. टोपणनाव म्हणून गंमतीचं आहे, पण समीक्षा म्हणूनही ते अचूक आहे असं मी म्हणेन. कारण त्या झाकणातून दिसतं काय? तबक, आर्म, बटणं. म्हणजे झाकण उचललं तरी जे दिसलंच असतं तेवढंच. सुई का उचलली जाते, वेग कसा बदलतो, यातलं काही त्या पारदर्शकतेला सांगायचं नाही. एसके ४ देखणं आहे यात वाद नाही. आज ते संग्रहालयांत काचेआड ठेवलेलं असतं आणि तिथे त्याचं काही बिघडत नाही, कारण ते पाहण्यासाठीच झालेलं आहे.

१२१९ पाहायला तसं काहीच नाही. काळं, बोजड, तीन किलोंचं तबक. पण उलटं करून खालून बघा. एकच मोटार सगळी कामं करते. तबकडी संपली हे त्याला कसं कळतं, हे मी थोडं सावकाश सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे. गाणं चालू असताना खाचा जवळजवळ असतात. आर्म दर फेऱ्याला अगदी केसभर आत सरकतो आणि खालची एक पातळ पट्टी तेवढीच पुढे ढकलतो. फिरणाऱ्या तबकाचं एक टोक दर फेऱ्याला त्या पट्टीला टिचकी मारून मागे सारतं. शेवटच्या खाचेत मात्र अंतर एकदम वाढतं. पट्टी जास्त पुढे येते, टिचकीने मागे जात नाही, अडकते, आणि एक मोठं दातेरी चाक एक पूर्ण फेरा फिरतं. त्यावरच्या चढउतारांनी आर्म उचलला जातो, बाहेर जातो, मोटार बंद. ‘गाणं संपलं’ हा निर्णय इथे कोणी घेतलेलाच नाही. खाचांमधलं अंतर वाढलं, बस्स. कारण आणि कार्य यांच्यात डोळ्यांना दिसणार नाही असा एकही दुवा नाही. चाळीस वर्षं कार्यकारणभाव शिकवला, पण फळ्यावर इतका स्वच्छ कधी काढता आला नाही.

दुरुस्तीचं आकर्षण इथून येतं. नेहमीचा बिघाड काय? ग्रीस सुकून गोंदासारखं होतं. नाहीतर ‘श्टॉयरपिंपल’ नावाची, तांदळाच्या दाण्याएवढी मऊ नळी झिजते, आणि आर्म आपणहून तबकडीवर जायचा थांबतो. योग्य जाडीच्या नळीचा बारीक तुकडा कापून बसवला की यंत्र चालू. अशी सुई पुन्हा टेकते तेव्हा जो आनंद होतो तो ‘मला समजलं होतं’ याचा असतो.

हायडेगरचं नाव इथे घ्यावंच लागतं. १९२७च्या ग्रंथात तो म्हणतो, हातातलं हत्यार चालतं तोवर आपल्याला दिसत नाही. मोडलं की डोळ्यांत येतं. मान्य. पण दुरुस्तीचा तो ओझरता उल्लेख करतो आणि पुढे जातो. मोडकं आणि चालू यांच्यामध्ये जो माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला आहे, त्याच्याजवळ तो थांबत नाही. गंमत बघा, त्याची झोपडी टोडनाउबर्गला, ब्लॅक फॉरेस्टमध्ये. ड्युअलचा कारखाना सांक्ट गेओर्गेनला, त्याच ब्लॅक फॉरेस्टमध्ये. श्टाइडिंगर बंधूंनी १९०७ साली तिथे घड्याळांचे आणि ग्रामोफोनचे भाग करायला सुरुवात केली. म्हणजे आपण ज्याच्या प्रेमात पडतो ती हस्तकला नाही. ती कारखान्यातली, हजारोंनी निघालेली वस्तू आहे. तंत्रज्ञान एकीकडे आणि अर्थपूर्ण जगणं दुसरीकडे, ही सोपी वाटणी ते यंत्र मोडून काढतं.

एक इथलं उदाहरण देतो. या मोटारीचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. जर्मनीत ५० हर्ट्झ, आपल्याकडेही ५०. अमेरिकेतून आलेलं यंत्र ६० हर्ट्झच्या पुलीसह इथे लावलंत, तर तबकडी पाच षष्ठांश वेगाने फिरेल. म्हणजे गायकाचा षड्ज नेमका मंद्र धैवतावर जाऊन बसेल. ज्याला थोडं गाणं कळतं तो यंत्र न उघडता, नुसतं ऐकून सांगेल की दोष पुलीत आहे. बिघाड असा कानाने वाचता येणं, ही मला त्या यंत्राची सभ्यता वाटते.

ड्युअलचं दिवाळं १९८२ साली निघालं. त्यामुळे आज एक १२१९ चालू ठेवायला पुष्कळदा दुसरं सोडवावं लागतं, आणि हा साठा काही वाढणारा नाही. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्यात धुलाईयंत्रं, फ्रीज, फोन आहेत. चांगलंच आहे. पण त्यातून मिळणार काय? सुटा भाग मिळेल, आणि तो बसवून देणारा मिळेल. फोनची बॅटरी बदलली तरी फोन का बंद पडला होता हे मला कळलेलं नसतं. १२१९च्या बाबतीत ते कळल्याशिवाय मला दुरुस्तीच करता येत नाही. कायद्याबद्दल माझी तक्रार असली तर तिथे आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.