घडीच्या चाकूवरील नाममुद्रा व तिचें प्रामाण्य

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांस कलमतराशाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पिसाची लेखणी ज्या लहानशा पात्यानें तासली जाई, त्याच्याच वंशांत इंग्लंडांतील शेफील्डचे घडीचे चाकू मोडतात. हे चाकू, व त्यांचे थोरले भाऊ जे शिकारी चाकू, आज आवडीनें जमविले जातात. परंतु पात्याच्या बुडाशीं ठोकलेली कारखानदाराची नाममुद्रा वाचली कीं परीक्षा संपली, असा प्रघात दिसतो. तो आम्हांस सदोष वाटतो.

मुद्रेचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. शेफील्ड परिसरांतील चाकूकारांचा संघ इ. स. १६२४ मध्यें पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला, व कारागिरांच्या मुद्रांची नोंद तो ठेवूं लागला. जोसेफ रॉजर्सच्या घराण्याची तारा व माल्टी क्रूस ही मुद्रा १७६४ सालची. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात-कायद्यानें आयात मालावर मूळ देशाचें नांव आवश्यक झालें. म्हणून ‘इंग्लंड’ हा शब्द असलेला चाकू बहुधा त्यानंतरचा ठरतो. मात्र ह्याचा व्यत्यास खरा नव्हे. जो माल अमेरिकेस जावयाचा नव्हता, त्यावर तो शब्द पुढेंही नसूं शकतो.

यास्तव निवाडा सर्वांगाच्या तपासणीनेंच व्हावा. चाकू प्रकाशापुढें धरून कमान, पितळी पत्रे व मूठ यांत फट आहे काय, तें पाहावें. खिळ्यांचीं डोकीं एकाच हातचीं आहेत काय, तेंही पाहावें. एका पात्यावर राणी व्हिक्टोरियाचीं आद्याक्षरें असून दुसरें पातें न गंजणाऱ्या पोलादाचें असेल, तर तें मागाहून बसविलें असावें. कारण राणी १९०१ सालीं वारली, आणि हॅरी ब्रेअर्लीनें असें पोलाद शेफील्डमध्यें १९१३ सालीं सिद्ध केलें. शिकारी चाकूंच्या मुठींस भारतांतून गेलेलें सांबरशिंग वापरीत. त्याच्या नैसर्गिक खांचा अनियमित असतात. हाडावर पाडलेल्या खांचांत हत्याराचा ठराविक फेर दिसतो.

विक्रीपूर्वीं पातें चकचकीत करण्याचा हव्यास सर्वांत घातक होय. त्यानें मुद्रेचीं अक्षरें बुजतात, नखाची खांच उथळ होते, आणि मूळ घासणीच्या रेषा जातात. फिकट पोथीवर नवी शाई फिरविणाऱ्यास आपण जो दोष देतों, तोच येथें लागतो. चालू गंज तेलाच्या बोळ्यानें थोपवावा. पोलादावरील काळसर छटा मात्र राहूं द्यावी.

१८५१ च्या लंडन-प्रदर्शनासाठीं रॉजर्सनें केलेल्या नॉरफोक चाकूस ७५ पातीं व हत्यारें आहेत. कारागिरीचें तें आश्चर्य खरेंच. तथापि झिजलेलें, पण स्वतःचेंच पातें धारण करणारा साधा कलमतराश वापराच्या इतिहासास अधिक उपयोगी आहे. संग्राहकांनीं आपल्या टिपणांत मुद्रेबरोबरच पात्याची झीज, कमान, खिळे व मुठीचा जिन्नस यांचीही नोंद करावी, अशी आमची विनंती आहे.