निजामाची विमाने आणि आपले मौन

युद्धकाळात शहरांवर झालेल्या बॉम्बफेकीविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन नावे हमखास येतात. कवी हळहळतो, वाचक हळहळतो, आणि परक्यांनी परक्यांवर केलेला जुल्म म्हणून विषय मिटतो. ही हळहळ आम्हाला खोटी वाटत नाही, अपुरी वाटते. कारण जालना, अंबड, भोकरदनच्या माणसाला हा विषय वाटतो तितका परका नाही.

जालना हा वेगळा जिल्हा १९८१ साली झाला. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांना जी मदत केली, तीत डी.एच.९ए जातीच्या बॉम्बफेकी विमानांचे एक अख्खे पथकच होते. ब्रिटिश हवाई दलाच्या या ११० क्रमांकाच्या पथकाला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. निजामाची भेट असल्याचा मजकूर विमानांवर रंगवला गेला. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात या विमानांनी फ्रँकफर्टसारख्या जर्मन शहरांवर बॉम्ब टाकले. त्यांपैकी एक विमान आजही लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

भेट निजामाची म्हणायची. पण सरकारी खजिना असो की सर्फ-ए-खास, दोन्ही भरत होते ते रयतेच्या साऱ्यावर. ज्याने फ्रँकफर्टचे नावही ऐकले नव्हते, अशा कुणब्याच्या घामाचा अंश त्या बॉम्बमध्ये होता. त्याला कुणी विचारले नव्हते. आणि ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले त्यांनाही कैसरने युद्धापूर्वी विचारले नव्हते. राजाच्या हिशेबात रयत दोन्हीकडे फक्त जमेला किंवा खर्चाला धरलेली.

ही विमाने ज्यांच्या हाताखाली उडत होती ते ट्रेंचर्ड आपल्या अहवालात सांगतात की, बॉम्बफेकीचा मनोधैर्यावरचा परिणाम प्रत्यक्ष नुकसानीच्या वीसपट असतो. शहरातील सामान्य माणसाची भीती हेच हत्यार, हा विचार इथे रुजला. दुसऱ्या महायुद्धात तो फोफावला. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिशांच्याच पाहणीत आढळले की, लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तीनातले एकच विमान लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचत होते. फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हेच मुख्य लक्ष्य ठरले. म्हणजे नेम लागत नाही म्हणून लक्ष्यच मोठे केले. १९४३ साली हॅम्बुर्ग जळाले, १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार आणि मार्चमध्ये टोकियोत एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसे गेली.

याचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिटलरने वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री आधी उद्ध्वस्त केले होते. ब्रिटनच्या हाती तेव्हा दुसरे साधन नव्हते, असे ते म्हणतात. पण सुरुवात कुणी केली, या प्रश्नाच्या उत्तराने तळघरात गुदमरलेल्या मुलाचा गुन्हा सिद्ध होत नाही. झोपलेल्यांना मारणाऱ्या अश्वत्थाम्याला महाभारताने बापाच्या वधाचे कारण असूनही माफ केले नाही. हजरत अबू बकर यांनी फौजेला दिलेल्या सूचनांत स्त्रिया, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, असे बजावल्याची नोंद आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत, युद्ध ऐन भरात असताना, बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटनच्याच उमरावांच्या सभागृहात या बॉम्बफेकीला जाब विचारला. तेव्हा हे तत्त्व मागाहून सुचलेले शहाणपण नव्हे.

जर्मन लेखक डब्ल्यू. जी. सीबाल्ड यांनी १९९७ मध्ये झुरिकला दिलेल्या आणि १९९९ साली पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत आपल्याच साहित्याला धारेवर धरले. सुमारे सहा लाख नागरिक मेले, शहरे भस्म झाली, तरी जर्मन साहित्यात त्याची नोंद इतकी थोडी का, हा त्यांचा सवाल. जर्मनांच्या दुःखाबद्दल बोलणे म्हणजे नाझींचे पाप हलके करणे, अशी शंका यावर घेतली जाते. पण जर्मनांनी आधी जाळलेल्या शहरांची आठवण सीबाल्ड स्वतःच देतात. एक हिशेब मांडण्यासाठी दुसरा पुसावा लागत नाही, हे त्यांच्या लेखनाचे बळ. त्यांची मर्यादाही आहे. बॉम्बखालच्या शहराकडे ते पाहतात. त्या बॉम्बमागे दूरच्या गुलाम मुलखांतला पैसा होता, तिकडे त्यांची नजर वळत नाही. ते काम आपले होते. ते आपण केले नाही.

सीबाल्ड यांचा सवाल मराठवाड्यात आणला की तो अधिक बोचरा होतो. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय लष्कर हैदराबादेत शिरले. बॉम्बफेकी विमाने भेट देणाऱ्या निजामाच्या राज्यातल्या विमानतळांवर भारतीय विमानांनी बॉम्ब टाकले. त्या चार-पाच दिवसांत औरंगाबाद, जालना लष्कराच्या ताब्यात आले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर जे घडले ते आकाशातून नव्हे, जमिनीवर घडले. सुंदरलाल समितीने किमान सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा अंदाज दिला. जालना तेव्हा ज्यात होते तो औरंगाबाद जिल्हा, बीड, नलगोंडा आणि मेदक यांत मिळून किमान पाच हजार. हा अहवाल सरकारने दडवला, ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून तो २०१३ साली सर्वांसमोर आला.

ड्रेस्डेन आणि मराठवाडा एक नव्हेत. पण मारण्याची मुभा देणारे तर्कशास्त्र एकच आहे. रझाकारांनी गावेच्या गावे ‘गद्दार’ ठरवून लुटली, तेव्हा त्यांनी लक्ष्य मोठे केले. नंतर प्रत्येक मुसलमान रझाकार ठरला, तेव्हाही तेच झाले. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये ज्यांचा खून झाला, ते ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू होते, हे सुंदरलाल समितीनेच नोंदवले आहे.

आमची तक्रार इथे साहित्याशी आहे. मुक्तिसंग्रामावरच्या बहुतेक लेखनात मुसलमान पात्र येते ते रझाकार म्हणून, नाही तर अपवाद म्हणून. आणि आपल्यातले लिहिणारे? ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द घराघरांत कुजबुजला जातो. कागदावर मात्र एक तर मौन, नाही तर साऱ्या गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा आक्रोश. हीदेखील शब्दांची बॉम्बफेकच. खुद्द ‘पोलीस ॲक्शन’ हे नावही तसलेच: रणगाडे आणि विमानांना पोलिसांचा डगला घालणारे.

सेनापती नेम चुकतो म्हणून लक्ष्य मोठे करतो. लेखकाला उलटे काम करावे लागते. शहराचे घर, घराचे माणूस, जमातीचे एक नाव, असे त्याला लहान लहान होत जावे लागते. ज्या विधवेने आपला मोडलेला संसार आणि आपल्याला लपवणारे शेजारघर, दोन्ही लक्षात ठेवले, तिची गोष्ट आपल्या मराठीत अजून पुरती आलेली नाही. ते पाहणारे बहुतेक गेले. उरलेल्यांचे बोलणे लिहून घ्यायला आता फारसा वेळ नाही. मुस्लिम मराठी लेखकाने हे काम दुसऱ्या कुणावर टाकू नये. मात्र ते करताना रझाकाराने जाळलेल्या घरातली म्हातारीही त्याच वहीत, त्याच शाईने लिहावी. एकीसाठी दुसरीला गाळले, तर निजामाच्या हिशेबनिसात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?