वाचता वाचता बदलणारी नोंद

समीक्षक मजकूर पुन्हा पुन्हा वाचतो, कारण तो जागचा हलत नाही. लिनक्स कर्नेलला ही सोय नाही. प्रोग्रामचे पान मेमरीत नेमके कुठे आहे, हे पेज टेबलातली नोंद सांगते. पण ती वाचत असतानाच दुसरा प्रोसेसर ती बदलू शकतो. नोंद एकदा तपासली आणि वापरताना पुन्हा वाचली, तर तपासलेली एक आणि वापरलेली दुसरीच, असे होऊ शकते. मग एकाच्या मेमरीत दुसऱ्याचा हात जातो. म्हणून ‘रीड वन्स’चा दंडक: एकदाच वाचा, पुढे प्रतीवर काम करा.

३२ बिटी एक्स८६ वर पीएई पद्धतीत मात्र नोंद ६४ बिटांची असते. ती दोन तुकड्यांत वाचावी लागते. कुलूप न लावता वाचणारा कोड आधी खालचा अर्धा भाग वाचतो, मग वरचा, आणि खालचा पुन्हा पाहतो. तो बदललेला असेल तर वाचन पहिल्यापासून. स्वतःच्या वाचनावरचा हा संशय मला या कोडचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

उणीवही तिथेच आहे. पान हजर असल्याची खूण खालच्या भागात असते. म्हणून नवी नोंद भरणाऱ्याने वरचा भाग आधी लिहिला, तरच हा संशय कामाला येतो. हा क्रम चुकला तर सी भाषा अडवत नाही. वाचणाऱ्याची सुरक्षितता अखेर लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर उभी आहे.